कोरडी वीट

मी भिंती ओढून बघते. स्थळ बघायला पाहुणे आले की आई एवढंच सांगायची, "मुलगी इंजिनियर आहे, नांदेडला लॅबमध्ये," आणि लगेच पोह्यांच्या बशा पुढं करायची. खोलात गेलं की पाहुण्यांचे चेहरे बदलायचे. काम तसं साधं आहे. विटेच्या भिंतीत भोक पाडतात, त्यात केमिकल भरतात, आटे पाडलेला लोखंडी रॉड खुपसतात, आणि केमिकल वाळलं की त्या रॉडला पलंग, टाकी, जिना, वाटेल ते टांगतात. टांगणारे वेगळे. तो रॉड खरोखर किती जोर सोसतो हे हातपंपाच्या जॅकनं ओढून बघणारी मी. टिकला तर पास, निघाला तर नापास. घरमालकांना मी फारशी आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही घरमालक आवडत नाहीत.

काँक्रीटमध्ये या कामात काही जीव नाही. काँक्रीट एकजीव असतं. विटेच्या भिंतीचं तसं नाही. केमिकल विटेला घट्ट धरतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, फक्त भोकातली भुकटी नीट झाडलेली हवी, नाहीतर ते विटेऐवजी भुकटीलाच चिकटतं. पण त्या विटेला शेजारच्या विटा किती धरून आहेत? आमच्याकडच्या जुन्या भिंती मातीत नाहीतर चुन्यात बांधलेल्या, आत सळई नाही, काँक्रीटचा पट्टा नाही. अशा भिंतीत रॉड हरत नाही, केमिकलही हरत नाही. रॉडसकट आख्खी वीट बाहेर येते.

कुठला रॉड ओढायचा हे मामा ठरवायचे. मामा म्हणजे माझ्याबरोबर येणारे मिस्तरी, औशाच्या पुढच्या एका गावचे, साठी ओलांडलेले. नात्यानं माझे कुणी नव्हेत. भिंतीवरचे सगळे रॉड ओढून बघत नाहीत, काही निवडतात. लॅबच्या नियमाप्रमाणे निवड मी करायची, पण मामा भिंतीला कान लावायचे, बोटाच्या पेरानं टकटक करत पुढं सरकायचे आणि म्हणायचे, "मॅडम, हे वढा. हे बी. ते ऱ्हाऊ द्या." त्यांचा कान माझ्या मशीनपेक्षा तयार होता. मीही आळशी झाले होते. त्यांनी दाखवायचं, मी ओढायचं आणि सही करायची, असं चार वर्षं चाललं.

लातुरात तेव्हा घराघराचं वसतिगृह होत होतं. दहावीचा निकाल लागला की हदगावपासून धर्माबादपासून पोरं-पोरी पेट्या घेऊन उतरायच्या. मेडिकलसाठी नीटचा क्लास सकाळी, टेस्ट दुपारी, अभ्यास रात्री. जागा कुठून आणायची? मग लोकांनी भिंतींचा विचार केला. जमिनीवर टेबल आणि डोक्यावर पलंग, मधे पाय नाहीत, म्हणजे एका माणसाच्या जागेत माणूसही मावतो आणि त्याची पुस्तकंही. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा केलं, त्याला मला एकदा भेटायचं आहे.

मे महिन्यात एका काकूंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, यजमान गेलेले, मागच्या लांब खोलीत सहा मुली ठेवलेल्या. "वेल्डिंगवाल्यानं पलंग लावून तीन महिने झाले," काकू म्हणाल्या. "आता पोरी म्हणतात भिंत बोलते. एक तर बॅग भरून गेली बघा परभणीला. तुम्ही मशीन लावा आणि कागद द्या. मी तो कागद दारावर चिकटवते. कागदावर विश्वास आहे आजकालच्या पोरींचा."

नांदेडहून सकाळची एसटी धरली. मामा लातूरच्या स्टँडवर भेटले. पत्ता सांगितला तशी त्यांनी जॅकची पेटी मांडीवर ओढली आणि रिक्षात नुसते बाहेर बघत बसले. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

घर बारा-पंधरा वर्षांपूर्वी काकूंनी विकत घेतलेलं. पुढचा भाग नवा, मागची खोली जुनी, आणि तिची एक भिंत दोन हात जाड. त्या भिंतीवर ओळीनं सहा पलंग. आतली कड भिंतीला बोल्ट केलेली. बाहेरची कड वरून तिरक्या लोखंडी पट्टीनं ताणून धरलेली, आणि ती पट्टीही पुन्हा त्याच भिंतीत. म्हणजे मुलगी पलंगावर चढली की वरचा रॉड बाहेर ओढला जातो. रात्रभर पाच पोरी झोपेत भिंत ओढत होत्या. खाली टेबलांवर पुस्तकं उघडी पडलेली. पट्टी सुटली तर वरची पडेल, आणि खाली कुणी वाचत बसली असेल तर तिच्या मानेवर पडेल. मला या खोलीत एवढंच ठरवायचं होतं. पोरींनी झोपायचं की नाही.

मुली क्लासला गेल्या होत्या. वीज गेलेली. बाहेर मेचं ऊन आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेवटच्या पलंगाच्या वर, पट्टी जिथं भिंतीत शिरते तिथं, कुणीतरी देवाचं स्टिकर चिकटवलं होतं आणि त्याला हळदीकुंकू वाहिलं होतं.

"तिथूनच आवाज येतो म्हणतात," काकू म्हणाल्या. "मी तर कधी ऐकला नाही."

आम्ही तिघं उभे होतो. कुणी हलत नव्हतं. आणि भिंतीतून आवाज आला. टक्. काचेवर नख मारावं तसा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

काकू माझ्याकडं बघायला लागल्या. उन्हानं लोखंड वाढतं, मी म्हणाले, पत्र्याचं घर नाही का कडकडत? हे मी शिक्षिकेला सांगत होते, त्यामुळं जरा जास्तच जोरात सांगितलं. डोक्यात मात्र त्र्याण्णवचा भूकंप आला होता. भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला शाळेत होते. पहाटे मांडणीवरचे डबे एकमेकांना लागून वाजले, आईनं झोपेतच "हाड हाड" करून मांजर हाकललं आणि आम्ही पुन्हा झोपलो. सकाळी रेडिओवर बातमी ऐकली तेव्हा आई खुर्चीत बसली. आमच्याकडं मांजर नव्हतं. तेव्हापासून घरात कारण नसताना काही वाजलं की मला आवडत नाही.

"मामा, लावा कान," मी म्हणाले.

मामा उंबऱ्यात जाऊन बसले होते, भिंतीकडं पाठ करून. "पयला वढा, तिसरा वढा," ते तिथूनच म्हणाले. "बास झालं."

"न ऐकताच?"

"चांगली हाय भिंत. वळखीची हाय."

पहिल्या पलंगाला खालून टेकू दिला, पट्टी सोडवली, जॅक बसवला. पंप मारत गेले तसा जॅकच्या मीटरचा काटा चढला. हवा तेवढा जोर आल्यावर हात थांबवला आणि घड्याळ लावून वाट बघितली. काटा केसभर उतरला आणि थांबला. तेवढा उतरतोच. तिसऱ्यालाही तसंच. छान काम होतं, वेल्डिंगवाल्यानं भोकं झाडलेली दिसत होती. मला बरं वाटलं. काकूंचा कागद होणार, पोरी राहणार, मी संध्याकाळची एसटी धरणार.

"आता तो शेवटचा," मी म्हणाले.

मामा उठले. "मॅडम, तितं नगा वढू. वायरी असत्याल."

वायरी खालून प्लास्टिकच्या पट्टीतून गेलेल्या समोर दिसत होत्या. माझं डोकं सटकलं. सकाळपासून तोंड शिवून बसलेला माणूस, भिंतीला हात लावायला तयार नाही, आणि वर मला वायरी शिकवतो. "काम करायचं नसेल तर बसा तिकडं," मी म्हणाले आणि स्वतःच टेकू लावला. चार वर्षांत रॉड मी पहिल्यांदा स्वतः निवडला.

पंप मारला. काटा चढला. थांबले, तर काटा उतरायला लागला. भिंतीवर काही हललं नव्हतं. गिलाव्याला चीर नव्हती. मी पुन्हा दाब दिला. काटा वर गेला आणि पुन्हा सावकाश, एका चालीनं, खाली आला. जॅक गळतोय का बघितलं. गळत नव्हता. दोरीचं दुसरं टोक कुणीतरी धरलंय आणि आपण ओढलं की तेवढंच सैल सोडतंय, असं हाताला लागत होतं. मला पंप सोडून द्यायचा होता, पण काकू बघत होत्या.

तिसऱ्यांदा दाब दिला आणि वीट बाहेर आली. तडकली नाही, फुटली नाही. कपाटाचा खण ओढावा तशी आली, तिच्या तोंडावरचा गिलावा आणि ते स्टिकर घेऊन, आणि आवाज झाला नाही. बाहेर एवढं ऊन, पण त्या भोकातून माझ्या मनगटावर गार हवा आली. जुन्या तेलाचा वास आला.

मोबाईलचा उजेड धरला. आत देवळी होती. पूर्वी घराघरात दिवा ठेवायला असायची तशी, कमान असलेली, फक्त तिचं तोंड विटांनी बंद केलेलं. बाकीच्या विटा गाऱ्यात बसवलेल्या. ही एकच तशी नव्हती, हिच्या चारी अंगाला गाऱ्याचा कण नव्हता. आत एक पणती, वात जळून काळी झालेली. एक सुपारी. आणि पणतीला टेकून उभी एक हिरवी काचेची बांगडी, अगदी लहान मनगटाची. पणतीवर धूळ होती, सुपारीवर होती. बांगडीवर नव्हती.

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि दोन पावलं मागं गेल्या.

"ती वीट म्याच ठिवली," मागून मामा म्हणाले. "कोरडी."

भूकंपानंतर सरकारी इंजिनियर सगळीकडं सांगून गेले होते की भिंतीतल्या देवळ्या बुजवा, देवळीनं भिंत कच्ची होते. खरंच होते, मी पुस्तकात शिकले आहे. पण दिव्याची जागा बुजवायची म्हणजे दिवा कोंडायचा, असं लोकांना वाटायचं. मग मामांच्या हातून एक रीत पडली. शेवटची दिवाबत्ती करून देवळी बंद करायची आणि एक वीट गाऱ्याशिवाय, नुसती सरकवून ठेवायची. वरून गिलावा. "कोंडल्यावानी नगं व्हाया," मामा म्हणाले. "आतल्यानं श्वास घ्यावा."

"आणि बांगडी?"

मामांनी डोळे पुसले नाहीत की काही नाही. हातातला पाना टेबलावर ठेवला. ते भूकंपाच्या रात्री लातुरात कामावर होते. गणपतीचं विसर्जन बघून पहाटेच्या गाडीनं गावी जाणार होते. सहा वर्षांच्या मुलीसाठी औशाच्या बाजारातून सहा बांगड्या घेऊन ठेवल्या होत्या. गावी पोचले तेव्हा घर राहिलं नव्हतं आणि मुलगीही. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी लातुरात सहा घरांच्या देवळ्या बुजवल्या आणि प्रत्येकीत एक बांगडी ठेवली. गावात भिंत उरली नव्हती. "तिला आसरा नगं का?" ते म्हणाले.

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. आजही आठवलं की आधी रागच आठवतो. "मामा, इथं पोरी झोपतात! तुम्हाला माहीत होतं वीट सुटी आहे!"

"तवा पोरी न्हवत्या मॅडम. निस्ती खोली व्हती. आता वढलं तर ती भाईर येईल म्हणून म्या..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "ती टकटक तीच वीट करीत व्हती. पोरगी वर चढली, वीट जराशी सरकली, आन ती उतरल्यावर बी टकटकत ऱ्हायली. मला बसल्या जाग्यावर कळलं."

तीन महिने ती वीट केसाकेसानं बाहेर येत होती. पोरी ते ऐकत होत्या, आणि आम्ही त्यांना कागद देणार होतो.

"बाकीची पाच घरं?" मी विचारलं.

तीन पाडून तिथं मोठ्या इमारती झाल्या होत्या. पाडताना त्या बांगड्या मामांनी जाऊन उचलल्या होत्या का, मी विचारलं नाही. चौथ्या घरात त्या खोलीत धान्य भरतात, भिंतीला काही नाही. पाचवं घर कुठलं हे विचारण्याची गरज पडली नाही. मामांनी मान खाली घातली आणि मला आठवलं. दिवाळीच्या सुमारास त्याच बाजूच्या एका वसतिगृहात "मॅडम, हे ऱ्हाऊ द्या" म्हणून त्यांनी एक रॉड वगळला होता. तो वगळून मी भिंत पास केली होती. खाली सही माझी.

काकूंना मी नापास सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. "पोरी चारला येतात. तोवर गाद्या पुढच्या खोलीत घेते," एवढंच म्हणाल्या आणि लगेच पहिली गादी ओढायला लागल्या.

त्या पाचव्या घराकडं रिक्षा केली. पेटी या वेळी माझ्या मांडीवर होती. प्रत्येक खड्ड्याला मला ती पट्टी सुटल्यासारखी वाटत होती. सहा महिने झाले होते. सहा महिन्यांत काय काय झालं असेल, फोन कुणाला आला असेल, लॅबनं मला का कळवलं नसेल, असं काहीही डोक्यात येत होतं.

तिथं खोली शाबूत होती. सगळे पलंग जागेवर. सगळ्या मुली टेस्टला गेलेल्या, एक सोडून. तिला ताप होता, ती झोपली होती, आणि नेमकी त्याच पलंगावर. मी तिला हाक मारायचं विसरून आधी दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली. मग म्हणाले, "बाळा, हळू उतर. उडी मारू नको."

ती चादर गुंडाळून खुर्चीत बसली. आम्ही टेकू लावेपर्यंत बघत होती. मी तिला विचारलं, इथं भिंतीतून आवाज येतो का गं कधी?

"बाकीच्या पलंगांना येतो करकर आवाज," ती म्हणाली. "ह्याला न्हाई येत. ह्याच्यावर लई शांत झोप लागते. सगळ्या भांडतात ह्याच्यासाठी. आज मला ताप हाय म्हणून दिला."

मामांनी बोटानं जागा दाखवली. कान लावला नाही. मी जॅक बसवला आणि पंप मारायला लागले. वीट येईल, मुलीला दिसू नये म्हणून मी मधे उभी राहिले. काटा चढला. हवा तेवढा जोर आला. मी थांबले.

काटा हलला नाही. केसभर उतरतो, तेवढाही उतरला नाही. मी मोबाईलवर मिनिटं मोजली. आणखी दाब दिला, पलंगावर चार मुली चढल्या तरी येणार नाही इतका. काटा तिथंच. इतका स्थिर काटा मी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. कोरड्या विटेत, जिच्या मागं पोकळी आहे, चारी अंगाला काही नाही, तिथं रॉड असा बसला होता की भिंत मलाच आत ओढेल असं वाटलं.

याला कारण सापडतं. केमिकल भरताना जास्त झालं असेल, विटेच्या फटींतून पसरून शेजारच्या विटांना चिकटलं असेल. होतं तसं कधी कधी. मी ते मोठ्यानं बोलून दाखवलं, मामांना आणि मलाही. मला इतकं हलकं वाटत होतं की हसू येईल असं वाटलं. माझी सही खोटी ठरली नव्हती. कुणी पडलं नव्हतं. "धरलंय मामा," मी म्हणाले. "पास आहे. वीट काढायचीच गरज नाही. राहू दे तिला तिथंच."

मामा पुढं आले. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी भिंतीला कान लावला. डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. खुर्चीतली मुलगीही बघत होती.

"काढा मॅडम ते," ते म्हणाले.

"का? धरलंय की."

"धरलंय, हाव." त्यांनी विटेवर तळहात ठेवला. "पर सा वर्साची हाय ती. रोज रातच्याला एक पोरगी तिनं किती दिस धरून ठिवायची?"

मी जॅकचा दाब सोडला आणि कागदावर नापास लिहिलं.